व्यवसायोपचारातून वर्तनात्मक निद्रावैद्यकाकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवसायोपचाराची, म्हणजे रोजच्या कामांच्या आधारे रुग्णाला सावरणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेतलेले अनेक तरुण सहकारी आणि अंतिम वर्षाचे विद्यार्थी झोपेच्या उपचारांकडे वळण्याविषयी विचारणा करतात. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांतील रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. रोजच्या कामात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या परिस्थितींवरून ती उदाहरणे रचली आहेत.

वर्तनात्मक निद्रावैद्यकात नेमके कोणते काम येते?

झोपेच्या ज्या तक्रारी सवयी, दिनक्रम, झोपेविषयीची धास्ती आणि घरातली परिस्थिती यांमुळे टिकून राहतात, त्यांच्यावर औषधाविना केला जाणारा पद्धतशीर उपचार हा या शाखेचा गाभा आहे. दीर्घकालीन निद्रानाश हे त्यातले सर्वांत मोठे काम आहे. त्याशिवाय स्लीप अ‍ॅप्नियाच्या (झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराच्या) रुग्णाला सीपॅपची, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राची सवय लावणे, वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवरील उपचार, पाळीच्या नोकरीमुळे किंवा शरीराच्या घड्याळाच्या बिघाडामुळे विस्कटलेली झोप सावरणे आणि लहान मुलांच्या झोपेच्या तक्रारी हेही तिच्यात येते. निद्राप्रयोगशाळेतली तपासणी, औषधे आणि शस्त्रक्रिया हा वैद्यकीय निद्रातज्ज्ञांचा प्रांत आहे.

झोप हा व्यवसायोपचाराचा विषय कधीपासून मानला जाऊ लागला?

आरंभापासून. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी १९२१ साली बाल्टिमोर येथे या शाखेच्या तत्त्वज्ञानावर निबंध वाचला आणि तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार गोष्टींच्या लयीवर माणसाचे स्वास्थ्य उभे असते, असे त्यांनी त्यात मांडले होते. पुढची अनेक दशके आपल्या शाखेने पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर काम केले आणि उरलेल्या दोन मागे पडल्या. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशनच्या कार्यचौकटीच्या २००२ सालच्या आवृत्तीत झोप ही दैनंदिन क्रियांमधली एक नोंद होती. २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘विश्रांती आणि झोप’ हे स्वतंत्र क्षेत्र झाले आणि २०२० सालच्या चौथ्या आवृत्तीतही ते तसेच आहे.

महाराष्ट्राला या शाखेचा वारसा जवळचा आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ साली जागतिक व्यवसायोपचार महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत त्याच्या संस्थापक देशांपैकी एक होता. एवढी जुनी परंपरा असूनही आपल्याकडच्या मूल्यमापनाच्या कागदांवर झोपेविषयी बहुधा एकच ओळ असते, ‘झोप : ठीक / बिघडलेली’. ही ओळ वाढवून तिचे पान करणे हे या क्षेत्राकडे टाकायचे पहिले पाऊल आहे, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

निद्रानाशासाठी प्रथम कोणता उपचार शिकावा?

सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशात सर्वप्रथम हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली केली. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही निद्रानाशाच्या वर्तनात्मक उपचारांपैकी ठाम शिफारस मिळालेला उपचार हाच आहे.

त्याचे घटक वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या संशोधकांच्या हातून घडले आहेत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली स्टिम्युलस कंट्रोल मांडले. झोप येत असेल तेव्हाच अंथरुणावर जावे, झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे, अंथरुणाचा उपयोग झोप आणि लैंगिक संबंध यांपुरताच ठेवावा, सकाळी ठरल्या वेळी उठावे आणि दिवसा झोपू नये, या सूचना त्यातल्या आहेत. आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली स्लीप रिस्ट्रिक्शनची, म्हणजे अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका कमी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. झोपेविषयीच्या समजुती तपासणे आणि शरीर-मन सैल करण्याची तंत्रे हे उरलेले घटक आहेत.

स्पीलमन यांचेच आणखी एक प्रतिमान प्रत्येक विद्यार्थ्याने आधी पक्के करावे. निद्रानाशाला पोषक असा स्वभाव किंवा शरीरप्रकृती, तो सुरू करणारा प्रसंग आणि तो टिकवून ठेवणारे वर्तन असे तीन स्तर त्यात मानले आहेत. वडिलांच्या आजारपणात महिनाभर रात्री जागलेल्या माणसाची झोप वडील बरे झाल्यावरही परत येत नाही, कारण तोपर्यंत तो रात्री नऊलाच आडवा होऊ लागलेला असतो, दुपारी दोन तास झोपू लागलेला असतो आणि दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहू लागलेला असतो. सुरू करणारा प्रसंग संपला तरी टिकवणारे वर्तन शिल्लक राहते आणि उपचार त्या वर्तनावर करायचा असतो. दिनक्रमातल्या अशा बारीक बदलांचा माग काढणे हे आपल्या शाखेचे मूळ कौशल्यच आहे.

या उपचाराने किती फरक पडतो?

२०१५ साली अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात २० चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार झोप लागायला लागणारा वेळ सरासरी १९ मिनिटांनी घटला, मधल्या जागरणाचा वेळ २६ मिनिटांनी घटला आणि स्लीप एफिशियन्सी, म्हणजे अंथरुणातल्या वेळातला प्रत्यक्ष झोपेचा वाटा, सुमारे १० टक्क्यांनी वाढली. झोपेचा एकूण वेळ मात्र उपचार संपताना जेमतेम ८ मिनिटांनी वाढलेला होता. हा शेवटचा आकडा रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावा, असा माझा आग्रह असतो. आठ तास झोप मिळेल या आशेने आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात खचतो. झोप आधी सलग होईल, तिची लांबी नंतर हळूहळू वाढेल, हे आधीच ठाऊक असलेला माणूस टिकून राहतो.

स्लीप रिस्ट्रिक्शन प्रत्यक्षात कसे ठरवतात?

येथे थोडे थांबून एक उदाहरण पूर्ण पाहू, कारण याच टप्प्यावर अर्धवट प्रशिक्षण उघडे पडते.

एक गृहिणी रात्री दहाला अंथरुणावर पडतात आणि सकाळी साडेसहाला उठतात. अंथरुणातला वेळ ५१० मिनिटे. दोन आठवड्यांच्या झोपेच्या नोंदवहीवरून प्रत्यक्ष झोपेची सरासरी ५ तास ४० मिनिटे, म्हणजे ३४० मिनिटे निघते. झोपेची मिनिटे भागिले अंथरुणातली मिनिटे गुणिले १०० केले की स्लीप एफिशियन्सी मिळते. येथे ती सुमारे ६७ टक्के आहे. आता अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका, म्हणजे पावणेसहा तासांच्या आसपास आणायचा. आधी उठण्याची वेळ ठरवावी. त्यांच्याकडे नळाला सहा वाजता पाणी येते, म्हणून उठण्याची वेळ पावणेसहा ठरते आणि आडवे होण्याची वेळ रात्री बारा.

पहिल्या आठवड्यात त्या ३४५ पैकी ३१५ मिनिटे झोपल्या, म्हणजे ९१ टक्के. मूळ पद्धतीत ९० टक्के गाठल्यावर अंथरुणातला वेळ १५ मिनिटांनी वाढवतात, त्यामुळे आता त्या पावणेबाराला झोपायला जातील. दुसऱ्या आठवड्यात ३६० पैकी ३१२ मिनिटे झोप झाली, म्हणजे जवळपास ८७ टक्के. ८५ ते ९० च्या दरम्यान वेळेला हात लावायचा नाही. ८५ च्या खाली गेल्यास वेळ कमी करायचा. अंथरुणातला वेळ साधारणपणे पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नये.

हिशेब सोपा आहे. अवघड भाग आहे तो दहा ते बारा हे मोकळे झालेले दोन तास. एरवी या बाई दहाला पडत होत्या, कारण घरातले सगळे दहाला दिवे घालवतात. आता अंधाऱ्या घरात दोन तास त्या काय करणार? दूरदर्शनसंच लावता येत नाही, मिक्सर चालत नाही, भ्रमणध्वनीवर बसल्या तर झोप आणखी लांबते आणि नुसत्या बसल्या तर साडेदहालाच खुर्चीत डुलकी लागते. म्हणून सत्रात बसून त्या दोन तासांची कामे नावानिशी लिहून काढावी लागतात : दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणे, देवासाठी वाती वळणे. हाताला काम असलेली, शांत, मंद दिव्यात होणारी आणि मध्येच सोडता येणारी कामे. असा क्रियांचा अभ्यास आपण पहिल्या वर्षापासून करतो. या जागी व्यवसायोपचारतज्ज्ञ आपल्या घरी असतो.

स्लीप रिस्ट्रिक्शन कोणाला देऊ नये?

द्विध्रुवी विकार असलेल्यांना देऊ नये, कारण झोप कमी केल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. अपस्माराच्या रुग्णांमध्ये झोपेची तूट झटक्यांना निमित्त होते. झोपेत चालण्याचा विकार असलेल्यांना आणि उपचार न झालेला स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांनाही ही पद्धत धोक्याची ठरते. एसटीचे किंवा ट्रकचे चालक, यंत्रावर काम करणारे कामगार आणि उंचीवर काम करणारे यांच्याबाबतीत दिवसाच्या झोपाळूपणाचा विचार पहिल्या आठवड्यापासून करावा. पडण्याची भीती असलेल्या वृद्धांसाठी अंथरुणातला वेळ टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सौम्य पद्धत वापरतात, तिला स्लीप कॉम्प्रेशन म्हणतात. हा परिच्छेद ज्याला तोंडपाठ नाही, त्याने अंथरुणातला वेळ कमी करण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये.

झोपेच्या चांगल्या सवयींचे पत्रक दिले तर चालणार नाही का?

चालणार नाही. संध्याकाळी चहा टाळा, खोली अंधारी ठेवा, झोपण्यापूर्वी भ्रमणध्वनी किंवा दूरदर्शन पाहू नका या सूचना चुकीच्या नाहीत, पण २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ त्यांवर आधारलेला उपचार न वापरण्याचे सुचवले आहे. निद्रानाशाचा रुग्ण या सूचना आधीच वाचून, पाळून आणि निराश होऊन आलेला असतो. झोपेच्या क्षेत्रात काम करतो असे म्हणणाऱ्या अनेक व्यवसायोपचारतज्ज्ञांचे काम अजून या पत्रकापाशीच थांबते, याची मला मनापासून खंत वाटते.

हे काम मानसशास्त्रज्ञ करतातच. मग आपण वेगळे काय देतो?

या शाखेचा पाया मानसशास्त्रज्ञांनी घातला आहे आणि तो मान त्यांचाच आहे. आपण त्यांच्याकडून तंत्र शिकतो. आपल्या बाजूने आपण देतो ते चोवीस तासांचे, घर-काम-शरीर यांसह घेतलेले दर्शन. पक्षाघातानंतर एका कुशीवर वळता न येणारा माणूस, संधिवाताने रात्री बोटे आखडणारी बाई, मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे रात्री दोनदा कूस बदलून घ्यावी लागणारा तरुण यांची झोप केवळ विचार बदलून सुधारत नाही. उशीची मांडणी, हाताची पट्टी, शौचालयापर्यंतची वाट आणि काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे वेळापत्रक यांचा विचार उपचारातच गुंफावा लागतो.

आपल्या प्रदेशातल्या कामाच्या वेळाही समजून घ्याव्या लागतात. चाकणच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराला ‘रोज एकाच वेळी उठा’ असे सांगून उपयोग नाही. शेतीपंपाला वीज चक्राकार पद्धतीने मिळते, तेव्हा ज्या आठवड्यात ती रात्रीची असते त्या आठवड्यात शेतकरी रात्री पिकाला पाणी द्यायला जातो. त्याच्या झोपेच्या नोंदवहीत वीज येण्याच्या वेळेचा एक रकाना वाढवावा लागतो. तो रकाना नसेल तर त्याची नोंदवही निद्रानाशासारखी दिसते आणि निदानच चुकते. झोप येत असूनही तिला वेळच मिळत नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा उपचारही वेगळा आहे.

एका खोलीच्या घरात ‘अंथरुण सोडून दुसरीकडे बसा’ हे कसे जमावे?

हा प्रश्न परदेशी प्रशिक्षणात क्वचितच येतो, पण आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात समोर उभा राहतो. चाळीतल्या किंवा पुनर्वसन इमारतीतल्या एका खोलीत पाच माणसे ओळीने झोपतात. मधल्या माणसाने उठायचे म्हणजे दोघांना ओलांडायचे. अशा वेळी नियमाचा हेतू जपून त्याचे रूप बदलावे. जागेपणी तळमळणे आणि अंथरुण यांची सांगड तोडणे हा हेतू आहे. म्हणून झोपण्याची जागा बदलून त्या व्यक्तीला दाराच्या किंवा ओट्याच्या बाजूची कड द्यावी. अंथरुण दिवसा गुंडाळून ठेवण्याची आपली जुनी रीत तर येथे थेट उपकारक आहे, कारण गादीवर बसून जेवणे, अभ्यास आणि भ्रमणध्वनी पाहणे त्यामुळे आपोआप बंद होते. उठणे अशक्यच असेल तर अंथरुणातच भिंतीला टेकून ताठ बसावे, खांद्यावर वेगळी शाल घ्यावी आणि झोप आल्यावर ती शाल काढून आडवे व्हावे. ओट्याजवळ पाट टाकून बसण्याची सोयही अनेक घरांत होऊ शकते. मात्र हे बदल घरातल्या सगळ्यांसमोर बोलून ठरवावेत, नाहीतर रात्री एकला उठून बसलेल्या सुनेला सकाळी कारणे द्यावी लागतात आणि ती चौथ्या रात्रीपासून उठणे सोडते. सासूबाईंना सत्रात बोलावून ‘हा उपचाराचाच भाग आहे’ असे सांगणे पुष्कळदा सर्वांत परिणामकारक पाऊल ठरते.

पदवीनंतर प्रशिक्षण कोणत्या क्रमाने घ्यावे?

आधी झोपेचे शरीरशास्त्र वाचावे. आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेले दोन प्रक्रियांचे प्रतिमान, म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब आणि शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ, हे समजल्याशिवाय दुपारची झोप का टाळायची किंवा सकाळचे ऊन का घ्यायचे हे रुग्णाला पटवता येत नाही. त्यानंतर झोपेच्या विकारांचे वर्गीकरण आणि मग सीबीटी-आयचे रीतसर प्रशिक्षण. फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचा वर्तनात्मक निद्रावैद्यकाचा कार्यक्रम या विषयाचे अभ्यासवर्ग घेतो. ‘सीबीटीआयवेब’ हा उपचारकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही सुरुवातीला उपयोगी आहे.

अभ्यासवर्गाने माहिती मिळते. हात तयार होतो तो अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्ण पाहून. आपल्या नोंदवह्या, हिशेब आणि सत्रातले संभाषण कोणीतरी तपासणारे असावे. जवळ असे कोणी नसेल तर दूरस्थ देखरेख घ्यावी आणि तिचे शुल्क हा शिक्षणाचाच खर्च धरावा. शक्य असल्यास एखाद्या निद्राप्रयोगशाळेत काही रात्री बसून पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे रात्रभर चालणारी झोपेची तपासणी, होताना पाहावी. डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेला माणूस झोपेत श्वास थांबून ऑक्सिजन खाली जाताना एकदा पाहिला की घोरण्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होत नाही.

भारतात यासाठी कोणती कायदेशीर चौकट आहे?

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ साली झाला आणि व्यवसायोपचार त्याच्या कक्षेत येतो. महाराष्ट्रात त्याआधीपासून व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची राज्य परिषद नोंदणी करत आली आहे. ही नोंदणी चालू ठेवावी. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरूद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशी जोडलेले आहे, त्यामुळे सीबीटी-आय शिकल्यावर आपल्या नावापुढे ते किंवा तसा भास निर्माण करणारे काहीही लिहू नये. ‘व्यवसायोपचारतज्ज्ञ, निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचारात प्रशिक्षित’ अशी पाटी पुरेशी आणि खरी आहे.

अमेरिकेत जाऊन हे काम करायचे असल्यास?

तेथे २००७ सालापासून या व्यवसायात प्रवेशासाठीचे शिक्षण पदव्युत्तर पातळीचे आहे. परदेशात शिकलेल्यांना एनबीसीओटी या तेथील व्यवसायोपचाराच्या प्रमाणन संस्थेकडून पात्रता तपासून घ्यावी लागते, मग तिची परीक्षा आणि नंतर ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचा परवाना. निद्रेच्या क्षेत्रात पुढे दोन पात्रता विशेष परिचित आहेत. एक म्हणजे बोर्ड ऑफ बिहेवियरल स्लीप मेडिसिनची डिप्लोमेट पदवी, जी या उपशाखेची सर्वोच्च ओळख मानली जाते. दुसरी म्हणजे निद्रातंत्रज्ञांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे क्लिनिकल स्लीप हेल्थ प्रमाणपत्र, जे रुग्णशिक्षण आणि पाठपुरावा करणाऱ्यांसाठी आहे. दोन्हींच्या शैक्षणिक अटी, देखरेखीचे तास आणि परीक्षेचे स्वरूप त्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहूनच पुढची आखणी करावी. राज्याच्या कायद्यात व्यवसायोपचाराची कार्यकक्षा कशी लिहिली आहे, हेही परवान्याआधी वाचावे, कारण राज्यागणिक शब्दरचना बदलते.

निदान कोणी करायचे?

डॉक्टरांनी. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने तक्रार असणे, झोपेला पुरेशी संधी असूनही झोप न येणे आणि त्याचा दिवसावर परिणाम होणे, ही दीर्घकालीन निद्रानाशाची लक्षणे आपल्याला ठाऊक असलीच पाहिजेत, पण ती निदानपत्रिका लिहिण्यासाठी नव्हेत. चाळणीसाठी इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्स वापरावा. त्यात ७ प्रश्न आणि २८ गुण असतात आणि १५ पासून पुढे मध्यम तीव्रता धरतात. दिवसाच्या झोपाळूपणासाठी एपवर्थ मापनश्रेणी आहे, तिच्यात २४ पैकी १० च्या वर गुण असतील तर पुढचा तपास हवा. अ‍ॅप्नियासाठी आठ प्रश्नांची स्टॉप-बँग चाळणी आहे. या प्रश्नावल्या रुग्णासमोर बसून घाईने मराठीत उलटवू नयेत. प्रमाणित भाषांतर मिळवावे आणि वापराची परवानगी पाहावी.

जोरात घोरणे व मध्येच गुदमरून उठणे, रात्री पाय हलवल्याशिवाय चैन न पडणे, स्वप्नातल्या हालचाली झोपेत प्रत्यक्ष करणे, हसताना अचानक गुडघे सैल पडणे किंवा जगणे नकोसे वाटल्याचे बोलणे, यांपैकी काहीही आढळले तर वर्तनोपचाराआधी डॉक्टरांकडे पाठवावे. स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्ष करणाऱ्या वयस्कर रुग्णामध्ये पुढे कंपवात होण्याची शक्यता वाढलेली असते, म्हणून त्याला मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करू नये.

रुग्ण झोपेच्या गोळ्या घेत असेल तर?

उपचार सुरू करता येतो. गोळी कमी करण्याचा निर्णय आणि तिचा क्रम मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाच असतो. बेन्झोडायझेपिन गटातली औषधे दीर्घकाळ घेऊन अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, हे रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे.

सीपॅपच्या रुग्णासाठी आपण काय करू शकतो?

कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सिडनीत ही पद्धत मांडली आणि आजही मध्यम व तीव्र अ‍ॅप्नियासाठी तीच प्रमुख आहे. अडचण असते ती यंत्र रोज वापरण्याची. मुखवट्याने जीव घुसमटणाऱ्या माणसाला आधी दिवसा, जागेपणी, यंत्र न जोडता मुखवटा हातात धरून चेहऱ्यावर ठेवायला लावावे. नंतर पट्टे बांधून, नंतर यंत्र चालू करून बातम्या पाहताना, नंतर दिवसा थोडा वेळ आडवे पडून आणि शेवटी रात्री, असा क्रम घ्यावा. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करावी. एका हाताने लुळ्या रुग्णाला मुखवट्याचे पट्टे एका हाताने लावता-काढता येतील अशी पकड शिकवणे हे तर पूर्णपणे आपले काम आहे आणि त्यावाचून महागडे यंत्र कपाटात पडून राहते.

मुलांसाठी वजनदार पांघरूण वापरावे का?

संवेदी उपचारांच्या ओढीने आपल्या शाखेत या पांघरुणांची शिफारस सर्रास होते, म्हणून पुरावा स्पष्ट सांगतो. स्वमग्न मुलांवरील एक काटेकोर ब्रिटिश चाचणी २०१४ साली पेडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात वजनदार पांघरुणाने झोपेचा एकूण वेळ वाढला नाही आणि रात्रीची जागरणेही घटली नाहीत, मात्र मुलांना आणि पालकांना ते साध्या पांघरुणापेक्षा अधिक आवडले. आवड हे कारण पुरेसे असेल तर वापरावे, पण झोप सुधारण्याचा उपाय म्हणून पालकांना खर्चात टाकू नये. जे मूल स्वतःहून पांघरूण दूर करू शकत नाही, त्याच्यावर ते कधीही घालू नये. झोपण्यापूर्वीचा ठरलेला क्रम, झोपायची वेळ काही दिवस मुद्दाम उशिरा नेऊन मग हळूहळू मागे आणणे आणि मुलाला स्वतःहून झोपी जायला शिकवणे, हे वर्तनोपचार अधिक भरवशाचे आहेत. आजी-आजोबांच्या कुशीत झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘स्वतंत्र खोली’चा आग्रह धरू नये. सगळ्या घराला पेलेल असाच क्रम ठरवावा.

पहिले रुग्ण कोठून मिळतात आणि किती सत्रे लागतात?

पहिले रुग्ण आपल्याकडे आधीपासून येत असतात. दीर्घकालीन वेदना, पक्षाघात किंवा कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा यांसाठी आलेल्यांना झोपेविषयी नीट विचारले की काम सुरू होते. नंतर छातीरोगतज्ज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना प्रत्येक रुग्णाचे एक पानी पत्र पाठवावे : सुरुवातीची आणि शेवटची स्लीप एफिशियन्सी, इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्सचे गुण आणि शिल्लक अडचण. एवढ्या पत्रानेच पुढचे रुग्ण येऊ लागतात. सीबीटी-आयला साधारणपणे चार ते आठ सत्रे लागतात.

उपचाराचा गुण आला नाही तर?

प्रथम नोंदवही पाहावी. ती रोज सकाळी भरली जाते की सत्राच्या आदल्या रात्री एकदम, हे शाईच्या रंगावरूनही कळते. मग उठण्याची वेळ रविवारीसुद्धा पाळली जाते का आणि संध्याकाळी खुर्चीत लागलेली डुलकी नोंदवली जाते का, हे विचारावे. या गोष्टी नीट असूनही दोन-तीन आठवड्यांत हालचाल नसेल तर अ‍ॅप्नियाची चाळणी पुन्हा करावी, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, कारण त्यांच्यात अ‍ॅप्निया पुष्कळदा घोरण्याऐवजी निद्रानाशाच्या तक्रारीतून पुढे येतो. नवीन औषध सुरू झाले आहे का, वेदना वाढली आहे का, घरात कोणाचे आजारपण किंवा परीक्षा आहे का, हे तपासावे. त्यानंतरही उत्तर सापडत नसेल तर आकड्यांसह पत्र लिहून रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे परत पाठवावे आणि पुढच्या भेटीची तारीख रुग्णाला त्याच दिवशी द्यावी, म्हणजे उपचार सोडून दिल्यासारखे त्याला वाटत नाही.